पाच नंबर रुंद

सोमवार, ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, उचललास तर दोन शब्दांत ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र तू फाडणार नाहीस. लिहिलेला कागद फाडायला तुझा हात धजत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तुझा राग कशाचा आहे तेही माहीत आहे. ज्या बुटांच्या कारखान्याने दाजींना घरी बसवलं, त्याच कारखान्याचा मी मॅनेजर झालो. हौसेने झालो नाही गं. माझी आधीची कंपनी बंद पडली, सात महिने घरी होतो, आणि तुझी भावजय मला रोज सकाळी भाजी निवडायला बसवू लागली. अशात मालकीणबाईंचं बोलावणं आलं.

तीन आठवड्यांत एवढं कळलं, की ही खुर्ची खालून तापवलेली आहे. शाळांच्या ऑर्डरी गेल्या. लोक फोनवर बोट फिरवतात आणि परदेशातला जोड चौथ्या दिवशी दारात हजर होतो, तोही आम्हाला नुसतं चामडं पडतं त्याहून स्वस्तात. मालकीणबाईंना मार्चअखेर चौदा जणांची यादी हवी आहे. काढायच्या माणसांची.

एकच फट दिसते आहे. पायांच्या एक डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. सुजलेले, पसरलेले, हाडं वर आलेले म्हाताऱ्या माणसांचे पाय; त्यांना बाजारात जोडा बसत नाही. असे जोडे आम्ही केले तर त्या वर्षभर घ्यायला तयार आहेत. पण जोडा ज्या पायाच्या आकारावर ताणून शिवतात, ती रुंद कलबुतं आमच्याकडे नाहीत. नवी आहेत ती प्लॅस्टिकची, सगळी निमुळती, जाहिरातीतल्या पोरींच्या पायांची. दाजींनी सव्वीस वर्षं लाकडातून घडवलेली सगळी कलबुतं आधीच्या मॅनेजरने जळाऊ म्हणून काढून टाकली. तोच, ज्याला तुम्ही मोजपट्टी म्हणायचात, ज्याने दाजींनाही काढलं. तो अजून इथे आहे. बाईंनी त्याला एक पायरी खाली उतरवून माझ्या हाताखाली दिला आहे.

जुना वॉचमन सांगतो, की ती गाडी लाकडाच्या वखारीत गेली, आणि दुसऱ्याच दिवशी दाजी वखारीतून सगळा माल घरी घेऊन गेले. खरं का, ताई? असतील तर मला हवी आहेत. तुझ्यापाशी तोंड उघडायची लाज वाटते, पण लाज बाजूला ठेवली.

लहानपणी तुझ्या लोभावर हक्क सांगायचो, ती सवय मोडायला लावू नकोस.

तुझा,
बाळ्या

*

शनिवार, ११ जानेवारी

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फाडलं नाही.

वॉचमनचे डोळे शाबूत आहेत म्हणायचे. कलबुतं आहेत. मागच्या खोलीत, जमिनीपासून छतापर्यंत फळ्यांवर, नंबराने लावलेली. दोनशे बारा जोड. माणूस स्वतःचंच काम सरपण म्हणून विकत घेतो, असा धडा तुमच्या मॅनेजरीच्या पुस्तकांत असतो का? मी त्यातली दोन वाचली आहेत. यांनी जुन्या बाजारातून आणली होती. मला अक्षर यांनीच लावलं, कलबुतांवरचे आकडे आणि खुणा वाचायला बसवून; त्यामुळे हाती पडेल ते वाचायची खोड लागली. त्या पुस्तकांत माल कसा ठेवावा, यंत्र कधी बदलावं, गिऱ्हाईक का तुटतं, सगळं होतं. माणसाला काम संपलं हे कसं सांगावं, यावर एक ओळ नव्हती. मोजपट्टीनेही तीच पुस्तकं वाचली असावीत.

तू आता तिथे आहेस तर तुला फाटकाच्या आतल्या खुंट्या दिसत असतील. प्रत्येकाची खुंटी, प्रत्येकाचा नंबर, तिथे ज्याचा त्याचा ॲप्रन. तिथली रीत तुला कोणी सांगितली की नाही? सोडून जाणारा माणूस आपला ॲप्रन आपल्या हाताने उतरवतो, आणि तेवढा वेळ सगळा कारखाना काम थांबवून उभा राहतो. म्हातारा मालक असल्यापासून हे असंच होतं. यांची खुंटी चाळीस नंबर.

चार वर्षांपूर्वी एका सोमवारी हे गेले तर खुंटी रिकामी. यांना वाटलं, ॲप्रन खाली पडला असेल. साठीला आलेला माणूस, गुडघ्यांवर बसून बाकाखाली, पेट्यांमागे शोधत राहिला. येणारे-जाणारे बघत होते. कोणाला कळेना काय झालं आहे, आणि ज्यांना कळलं त्यांना बोलवेना. मोजपट्टी वर काचेच्या खोलीत उभा होता. खाली उतरला नाही. भोंगा झाला तेव्हा यांना समजलं. घरी आले, मला म्हणाले, की आज लवकर सुटलो. कामावरून काढल्याचं पाकीट तिसऱ्या दिवशी टपालाने आलं.

पुढचे चौदा महिने हे रोज सकाळी दाढी करून खुर्चीत बसायचे. मग एक दिवस दाढी केली आणि खुर्चीतून उठले नाहीत. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. लिहू दे.

तर ऐक. तुला कलबुतं हवीत, मला एक खुंटी हवी. मोजपट्टीची एक्केचाळीस नंबर, यांच्या शेजारचीच. एका सोमवारी तो येईल आणि ती रिकामी असेल. कोणी काही सांगायचं नाही. त्याने शोधावं. ते झालं की टेम्पो पाठव. तोवर दर रविवारी एक जोड माझ्या शेगडीत जाईल. उद्या रविवार आहे.

भावजयीला म्हणावं, भाजी निवडायला तुला बसवलं ते चांगलंच केलं. तुझ्यावर माझी माया आहे आणि राहील. आत्ता हात मात्र त्या मायेचं ऐकत नाही.

तुझी,
ताई

*

सोमवार, २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दाजी गुडघ्यांवर बसून शोधत होते, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तूही नाही. वाचून झाल्यावर खाली जाऊन चाळीस नंबरपुढे उभा राहिलो. तिथे आता कोणाचीतरी सायकलची टोपी लटकते.

पण ताई, मी ते करणार नाही. मोजपट्टीचं नाव माझ्या चौदा जणांत कदाचित असेल. असलं तर मी त्याला समोर बसवून सांगेन. त्याने केलं तेच मी केलं तर पुढच्या वेळी कोणाची तरी बायको मला आपल्या शेगडीत घालेल.

आणि तू खरोखर जाळत नाहीयेस, हो ना? रागाच्या भरात माझी पाटी विहिरीत टाकून नंतर गळ घेऊन दिवसभर विहिरीवर बसलेली तूच होतीस.

त्याच्याबद्दल सांगतो, तुला नको असलं तरी. जेवायला एकटा बसतो. कोणी त्याच्याशी कामापुरतंही नीट बोलत नाही. नव्या यंत्रांची टूम त्याची, कलबुतं विकायची अक्कल त्याची, आणि आता तेच प्लॅस्टिक कपाटात धूळ खातं आहे. त्या वेळी सगळ्यांना ते शहाणपण वाटलं होतं, हेही खरं. मीही असतो तर कदाचित तेच केलं असतं. ही भीती मला रोज काचेच्या खोलीचा जिना चढताना वाटते. आणि हे तुला माहीत असेल, की मॅनेजर होण्याआधी दोन वर्षं तो दाजींच्याच हाताखाली कानस चालवायला शिकत होता?

डॉक्टरीणबाई परवा नमुन्याचं चित्र ठेवून गेल्या. त्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हवा आहे पाच नंबर, पुरता रुंद, वरून उंच, अंगठ्याच्या मुळाशी हाड आलेला. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचा पाय तसा म्हणे. आमच्या जुन्या वहीत 'पाच नंबर रुंद' अशी एकच नोंद सापडली. फळ्यांवर तेवढा बघशील? तो मिळाला नाही तर बाकीचे असून उपयोग नाही, आणि ऑर्डर गेली तर चौदाचे चाळीस होतील.

रागाव, पण लोभाला हात लावू नकोस.

तुझा,
बाळ्या

*

सोमवार, २७ जानेवारी

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

काल तिसरा जोड गेला. पाटीची गोष्ट आठवलीस ते बरं केलंस. विहिरीतून पाटी निघाली होती. शेगडीतून काही निघत नाही.

चांगलं मुरलेलं लाकूड आहे, सावकाश जळतं. आधी टाच लाल होते, मग चवडा. पाय शेकत बसल्यासारखं दिसतं. सकाळी राखेत टाचेच्या लोखंडी पत्र्या तेवढ्या उरतात, नंबर ठोकलेल्या. मी त्या धुऊन खिडकीत ठेवते. जाळतेस काय आणि ठेवतेस काय, असं शेजारीण विचारत होती. तिला म्हटलं, नवरा गेल्यावर त्याचा राग कोणाला तरी सांभाळावा लागतो, घरातली इतर कामं तर होतातच.

तू म्हणतोस, मी असतो तर तेच केलं असतं. केलं असतंस. यंत्र आणलं असतंस, लाकूड विकलं असतंस. त्याचा मला राग नाही, बाळ्या. बाजार बदलतो, मलाही दिसतं. माझ्या वाचनालयात पुस्तकांच्या जागी संगणक आले, मी काही तिथल्या बाईंच्या झिंज्या धरल्या नाहीत. हेही मला म्हणाले होते, की आपले दिवस भरत आले, पोरगा यंत्राचं बोलतो ते खोटं नाही. पोरगा म्हणायचे त्याला. तो पोरगा जिना उतरून खाली आला असता आणि म्हणाला असता, की मास्तर उद्यापासून नको, तर यांनी ॲप्रन उतरवला असता आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारून आले असते. अठरा पायऱ्या आहेत त्या जिन्याला. त्याला अठरा पायऱ्या जड झाल्या.

पाच नंबर रुंद विचारलास. त्याचं उत्तर पाकिटात घातलं आहे, पहिल्या रविवारच्या राखेतलं. तुला नाही कळलं तर तिथे एकाला कळेल.

खुंटी अजून रिकामी झालेली नाही असं समजते. रविवार लांब नाही.

माझ्या मायेची काळजी करू नकोस. ती काही लाकडाची नाही.

तुझी,
ताई

*

सोमवार, १० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पाकिटातून लोखंडाची एक काळी पत्री निघाली, पाचचा आकडा ठोकलेली. मला वाटलं, तू जाळल्याचा पुरावा धाडलास. टेबलावर पडून राहिली.

गुरुवारी मोजपट्टी सही घ्यायला आला आणि ती पाहून कागद हातात धरून उभाच राहिला. मग त्याने पत्री उचलली, अंगठ्याने पुसली. पाचचं शेपूट वाकडं आहे, पाहिलंस का? जुनी पत्री बदलली तेव्हा ते त्याने ठोकलं होतं, शिकाऊ असताना. दाजी हसले होते आणि म्हणाले होते, की राहू दे, निदान चोरीला गेलं तर ओळखता येईल. तो म्हणाला, ही पाच नंबर रुंदची पत्री आहे, आणि असा जोड एकच होता.

त्याने विचारलं, ही आली कुठून. ताई, मी तुझी पत्रं त्याच्यापुढे ठेवली. रागावायचं तर माझ्यावर रागाव. त्याने उभ्या उभ्या वाचली आणि खाली गेला. शनिवारी सुटताना पाहतो तर तो आपल्या खुंटीवरून कोट काढून, घडी घालून माझ्या दारात उभा. म्हणाला, सोमवारपर्यंत थांबायची गरज नाही, तुमच्या ताईंना हवी आहे तशी खुंटी रिकामी ठेवा, मी येऊन शोधेनही. मी त्याला झापला आणि कोट परत टांगायला लावला. असली नाटकं करायला मला वेळ नाही म्हटलं. 

आता तू सांग. तू एकच असलेला जोड सगळ्यात आधी का जाळलास? तेव्हा तर मी नंबर लिहिलाही नव्हता. डॉक्टरीणबाई महिनाअखेर उत्तर मागतात. तो पाय आता कुठून आणू?

त्याला तुझ्याकडे यायचं आहे. माफी मागायला नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. येऊ दे की नको, तू ठरव. नको म्हणालीस तर मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

मी चुकलो असेन, पण तुझ्या घरात माझं ताट पालथं घालू नकोस.

तुझा,
बाळ्या

*

सोमवार, १७ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

तारेसारखं 'येऊ दे' एवढंच कळवलं होतं. काल तो येऊन गेला. पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तो जोड माझ्या पायांचा होता. लग्न झालं त्या वर्षी यांनी मला खुर्चीत बसवून कागदावर पाय काढून घेतले. मला बाजारात कधी जोडा बसला नाही. बदकाचे पाय म्हणून तू चिडवायचास, विसरला नसशील. पुढे पाय पसरले, हाड आलं, तसतसं यांनी कलबुतावर चामड्याचे तुकडे डकवून ते वाढवलं. कारखान्यातला सगळा रुंद पाच नंबर त्याच्यावर निघायचा, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. यांनी कधी सांगितलं नाही. कुठल्या कुठल्या अनोळखी बायका इतकी वर्षं माझ्या पायांवरचे जोडे घालून हिंडत होत्या.

आधी का जाळला? मला वाटलं, हा जोड माझ्याशिवाय कोणाच्या काय कामाचा. आणि तो जाळता आला तर पुढचे जाळताना हात कापणार नाही. तसंच झालं. हात कापला नाही. मात्र तुझं वहीतल्या नोंदीचं पत्र आलं त्या दिवशी मी राखेचा डबा ओतून संध्याकाळपर्यंत चाळत बसले होते. म्हणजे गळ घेऊन विहिरीवर बसलेच, म्हण.

आता काल. सकाळी अकराला आला. पायपुसण्यावर त्याने तीनदा पाय पुसले, मी खिडकीतून पाहिलं. केस गेले आहेत. मी यांच्या खुर्चीत बसले होते, त्याला बस म्हटलं नाही.

तो बोलू लागला. बाजार, आयात, बँका. मी म्हटलं, पेपर माझ्याकडेही येतो. मग वरून दबाव होता म्हणाला. मी विचारलं, मालक तेव्हा अंथरुणाला खिळलेले, काचेच्या खोलीच्या वर कबुतरांशिवाय कोण होतं?   मग तो भिंतीवरच्या यांच्या फोटोकडे बघत म्हणाला, की मास्तर, उद्यापासून तुम्हाला काम नाही, तुमच्या कामात खोट नव्हती, तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. चार वर्षं उशिरा, पण वाक्य पुरं केलं.

मी विचारलं, हे गुडघ्यांवर बसून शोधत होते ते तू पाहत होतास? हो म्हणाला. ॲप्रनचं काय केलंस? यंत्रं पुसायला दिला म्हणाला. खोटं बोलला असता, कुठेतरी जपून ठेवला आहे म्हणाला असता, तर मी त्याला तिथूनच परत पाठवला असता. खरं बोलला, म्हणून बाळ्या, मी त्याला तसा सोडला नाही.

मी म्हटलं, पाच नंबर रुंद हवा ना, पाय इथेच आहेत. यांच्या हाताखाली दोन वर्षं कानस चालवलीस, तर आता तूच घडव. घे माप.

तो इकडेतिकडे स्टूल शोधू लागला. स्टूल मी सकाळीच आत नेऊन ठेवलं होतं. तेव्हा तो गुडघ्यांवर बसला.

कागद अंथरला, पेन्सिल काढली. मी डावा पाय पुढे केला. माझ्या अंगठ्याच्या हाडाशी त्याचा हात थांबला, दुखतं का म्हणाला. मी म्हटलं, माप घे. दोन्ही पायांचं झाल्यावर तो उठायला लागला. मी विचारलं, उभ्या पायाचं माप कोण घेणार? बसल्यावर पाय वेगळा असतो, माणूस उभा राहिला की पसरतो. हे त्यांनी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं असेल. तो लाल झाला, पुन्हा बसला. मी उभी राहिले, त्याने पुन्हा माप घेतलं. ते बरोबर होतं. मला कळत होतं की बरोबर आहे. तरी मी म्हटलं, मनासारखं नाही झालं, परत घे. तिसऱ्यांदा घेतलं. त्याचे गुडघे वाजत होते. यांचेही वाजायचे.

मग उरलेले दोनशे सात जोड त्याने एकट्याने टेम्पोत भरले. ड्रायव्हर मदतीला उठला, त्याला मी चहा देऊन बसवला. दोन-दोन हातात घेऊन, प्रत्येकाचा नंबर मोठ्याने वाचून न्यायला लावले. दुपार उलटून गेली. जाताना त्याने पाणी मागितलं, दिलं.

मी माफ केलेलं नाही. त्याने मागितली नाही, एवढं त्याचं बरं.

आता खुंटीचं. माझं बोलणं मी मागे घेते, पण तुला वाटतं तसं नाही. त्याला काढू नकोस. काढलास तर तो घरी जाईल, खुर्चीत बसेल, आणि लोक त्याला बिचारा म्हणतील. त्याला ठेव. कलबुतांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे दे. रोज सकाळी त्याने ती उघडावी आणि दोनशे सात जोडांवरची यांची खूण बघून कामाला लागावं. आणि तुझ्या यादीत जेवढी नावं राहतील, त्या प्रत्येकाला त्याने जिना उतरून, समोर बसून सांगावं. तू बाजूला बसायचंस, तोंड उघडायचं नाही. हे मी तुझ्या भल्याचंही सांगते आहे. त्या खुर्चीत बसायचं तर हे शिकावं लागेल, आणि ते पुस्तकात नाही.

ताट पालथं घातलेलं नाही. मायेने कधी तरी येऊन जेव.

तुझी,
ताई

*

सोमवार, १० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत खोक्यात जोडा आहे. आधी तो बघ, मग पत्र वाच, असं लिहिणार होतो, पण तू आधी पत्रच वाचशील.

कलबूत त्याने घडवलं, त्यावर जोडाही त्यानेच चढवला. जेवणाच्या सुट्टीत, जुन्या रंध्याच्या बाकावर. पहिल्या आठवड्यात त्याने दोन लाकडं वाया घालवली आणि कामगार खिडकीतून बघून खूश झाले. तिसरं जमलं. म्हातारा शिवणकार त्याच्याशी चार वर्षं बोलत नव्हता, तो शेवटी न राहवून आत गेला आणि कानस अशी धरतात होय रे, म्हणून त्याच्यावर खेकसला. ती त्यांची पहिली बातचीत.

डॉक्टरीणबाईंनी जोडा हातात फिरवून पाहिला आणि वर्षाची ऑर्डर दिली. मालकीणबाईंशी भांडून मी चौदाचे पाच केले. पाच मात्र राहिले, ताई. त्या पाचांना काय वाटेल ते चौदा नव्हते म्हणून कमी होत नाही.

तू म्हणालीस तसं केलं. पाच जण, पाच दिवस. तो जिना उतरायचा, समोर बसायचा आणि सांगायचा. मी गप्प. एकाने त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. एक बाई काही न बोलता त्याच्याकडे बघत राहिली, ते त्याला जास्त लागलं. पाचव्या दिवशी तो वर आला आणि बेसिनशी जाऊन तोंड धूत राहिला. त्या शनिवारी पाचही जणांनी आपापले ॲप्रन स्वतः उतरवले. सगळा कारखाना उभा होता. चाळीस नंबरवरची टोपी कोणी काढली माहीत नाही, पण ती तिथे नव्हती.

सकाळी खोली उघडताना तो अजून दारात थांबतो. मी वरून बघतो. खाली उतरून बोलावं असं वाटतं कधी कधी, पण उतरत नाही. तू म्हणशील, तिथेच तर चुकतं.

जोडा बसला का ते लवकर कळव. टपालवाला आला, की तो काही ना काही निमित्त काढून फाटकापाशी जातो.

जोडा पायात असू दे आणि तुझ्या मनात आम्ही.

तुझा,
बाळ्या

*

सोमवार, १७ मार्च

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

वरून बघत उभा राहू नकोस. उतर. अठराच पायऱ्या आहेत.

ऑर्डर मिळाली, नऊ घरं वाचली, बरं वाटलं. ज्या पाच घरी खुर्च्या भरल्या, त्यांच्याकडे महिन्याभराने एकदा जाऊन ये. नुसतं बसायला. चौदा महिन्यांत आमच्याकडे कोणी आलं नव्हतं.

जोडा मिळाला. दोन दिवस मी खोक्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी घातला आणि खोलीत फेऱ्या मारल्या. मग जिना उतरले, कोपऱ्यावरून वळले आणि वाचनालयापर्यंत चालत गेले, आणि परत आले. हे गेल्यापासून मी इतकी चालले नव्हते. अंगठ्याच्या हाडावर त्याने कातडं असं काही उचलून घेतलं आहे, की तिथे जोडा आहे हे कळतच नाही. ही हातोटी कोणाची ते मला माहीत आहे. ती अशी कोणाला सांगून येत नाही, शेजारी बसून घ्यावी लागते. पोरगा काहीतरी शिकला होता म्हणायचा. घरी येऊन खुर्चीत बसले आणि पुरतं रडून घेतलं. जोडा यांनी केला असता तर असाच केला असता, बाळ्या. तसूभर फरक नाही. हे तुझ्यापाशीच ठेव, भावजयीलाही सांगू नकोस.

त्याला एवढंच कळव, की जोडा डाव्या पायाला चावतो. माप चुकलं आहे. येत्या रविवारी अकराला येऊन नव्याने घेऊन जा म्हणावं.

स्टूल अजून आतच आहे.

तुझ्यावर लोभ आहे. त्याच्यावर नाही, हेही त्याला त्याच निरोपात सांग.

तुझी,
ताई